फळीवरची मरियम

चित्रात बाप नाही, हे तय्यबच्या लक्षात आलं तेव्हा तो गुडघ्यांवर बसून फळीच्या खालच्या कडेची रेघ कागदावर उतरवून घेत होता. पेन्सिल थांबली. समोर, राखाडी कापड पसरलेल्या टेबलावर, ती सातशे वर्षांपूर्वीची फळी दोन आधारांना टेकून उभी होती. सोनेरी पार्श्वभूमीवर काळसर निळ्या ओढणीतली बाई, तिच्या डाव्या हातावर मूल, आणि मुलाच्या मुठीत ओढणीची कड. एवढंच. तसं पाहिलं तर यात नवल काहीच नव्हतं. लहानपणी गावच्या मदरशात मौलवीसाहेबांनी घोकून घेतलं होतं, ईसा इब्न मरियम, मरियमचा मुलगा ईसा. ख्रिस्ती ज्याला येशू म्हणतात तोच, त्याला बाप नव्हताच. तरीही तय्यबला वाटलं की आपण चुकून कुणाच्या तरी घरात शिरलोय, आतली बाई मान वर करून बघतेय, आणि आता आपण कोण हे सांगायला हवं. त्याने खाली पाहिलं. कागदावरची रेघ जिथे थांबली होती तिथे पेन्सिलीचा जाड ठिपका उमटला होता.

काल पेटी उघडली तेव्हा आधी दिसली होती ती फळीची पाठ. ती त्याला लगेच ओळखीची वाटली. लाकूड हलकं, सावरीसारखं, एका खोडाची सलग फळी, आडव्या दोन पट्ट्या, हाताने ठोकलेले खिळे, आणि किडीने पाडलेली मोहरीएवढी भोकं. चौतीस वर्षं ओमानात त्याने लाकूडच हाताळलं होतं. पहिली दहा वर्षं दारं-खिडक्या, पुढे माबेलाच्या कारखान्यात सामान पाठवायच्या पेट्या. वस्तुसंग्रहालयाचं नाजूक काम आलं की सुपरवायझर नुमान त्यालाच पाठवायचा. हे बहुतेक शेवटचं. पंधरा दिवसांनी त्याचा व्हिसा रद्द होणार होता, वयामुळे, आणि मग कायमचं गाव. इटलीतल्या कुठल्याशा लहान गावातून हे चित्र चार महिन्यांसाठी मस्कतला आलं होतं, आणि सोबत आणलेली धातूची बैठक काचेच्या कपाटात बसत नव्हती, म्हणून लाकडाची नवी करायची होती. चित्राबरोबर आलेली पांढऱ्या केसांची इटालियन बाई सारखी हाताने कमान काढून दाखवत होती. वस्तुसंग्रहालयाची अदीबा, तिशीतली ओमानी मुलगी, तिचं इंग्रजी हिंदीत करून सांगत होती. "उस्ताद, लकडी सीधा नहीं करना. ये टेढ़ा है, टेढ़ा ही रहेगा." तय्यबला हे सांगायची गरज नव्हती. एका बाजूला रंग चढवलेली आणि दुसऱ्या बाजूला उघडी फळी बाक धरणारच. जोर लावून ती सरळ करायला गेलं तर रंग उडतो. बैठकच तिच्यासारखी वाकवायची.

मग त्या दोघींनी फळी फिरवली होती, आणि अदीबा हळूच म्हणाली होती, "ये मरियम. अलैहस्सलाम." तय्यबने मनातल्या मनात सलाम केला आणि नजर कडेच्या लाकडावर ठेवली. चित्र बघायचं की नाही असा प्रश्न नव्हता. कामापुरतं बघायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. पण काम गुडघ्यांवर बसून करायचं होतं, आणि गुडघ्यांवर बसलं की तिचे डोळे नेमके त्याच्या डोळ्यांसमोर येत. ती मुलाकडे बघत नव्हती. मूल तिच्या गालाकडे वर बघत होतं, थोराड चेहऱ्याचं, जरा रागावलेलं मूल, आणि ती मात्र बाहेर बघत होती. चेहऱ्यावर हिरवट झाक होती, आजारी माणसाच्या असते तशी. अदीबाने विचारून सांगितलं की वरचा गुलाबी रंग काळाने विरळ झाला, त्याखालचा हिरवा वर आला. मुलाच्या उजव्या पावलावर रंगच नव्हता, नुसतं घासलेलं लाकूड. ते कशाने? तर मुके घेऊन, म्हणे. चर्चमध्ये जाण्याआधी हे चित्र कुणाच्या तरी घरात होतं, घरातली माणसं रोज त्या पावलावर ओठ टेकवत. "आणि ती बाहेर का बघते?" हे तय्यबने विचारलं तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं. इटालियन बाई हसली, बराच वेळ बोलली, आणि अदीबाने त्यातलं एवढंच दिलं, "जो सामने बैठता है ना, उसको देखती है. उसी के लिए बनाया."

उसी के लिए बनाया. गावाहून येणारे बायकोचे, कुलसुमचे फोटोही असेच असायचे. मंडणगडच्या स्टुडिओत, मागे रंगवलेला धबधबा, पुढे एका स्टुलावर ती आणि तिच्या मांडीवर त्यांचा मुलगा इरफान. दर ईदला एक. पहिल्या फोटोत इरफान चाळीस दिवसांचा, दुपट्यात गुंडाळलेला. दुसऱ्यात उभा, तिच्या ओढणीला धरून. सातव्यात त्याचे पुढचे दात पडलेले. तय्यबने ते तेव्हाच्या, मस्कतमधल्या रूवीच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटवले होते, आणि खोलीतले बाकीचे सहाजण आपापल्या कपाटांत तेच करत. कुणी नवा माणूस आला की दारं उघडून दाखवायची, ही माझी फॅमिली. फॅमिली म्हणजे एक बाई आणि एक मूल. त्या फोटोंत बाप नाही हे कधी कुणाला खटकलं नव्हतं. बाप समोर होता ना, कपाटाचं दार उघडून उभा. कुलसुम कॅमेऱ्यात बघताना कधी हसायची नाही. स्टुडिओवाल्याने सांगितलं तरी नाही, असं इरफाननेच पुढे एकदा सांगितलं होतं. ती समोर बघायची, डोळे न मिटता, आणि मूल तिच्याकडे बघत असायचं. आज पहिल्यांदाच तय्यबला वाटलं की ती त्या नजरेने काहीतरी विचारत होती, आणि दर ईदला, नव्या फोटोत, पुन्हा तेच.

त्याने कागदाची घडी घातली. 

संध्याकाळी माबेलाच्या खोलीत मगरिबची नमाज झाली आणि इरफानचा फोन आला. इरफान दुक्मला होता, रिफायनरीच्या कामावर, चौदा महिने. बाप आणि मुलगा एका मुलखात, मध्ये सात-आठ तासांचं वाळवंट. चौदा महिन्यांत दोनदा भेटले होते, दोन्ही वेळा कुणा तिसऱ्याच्या कामासाठी इरफान मस्कतला आला म्हणून. तो गावाहून निघाला तेव्हा मेहविशला, त्याच्या बायकोला, पाचवा महिना लागत होता. मुलगी झाली, अफशा. आता नऊ महिन्यांची. बापाने तिला अजून हातात घेतलं नव्हतं.

"अब्बा, तुमी पंधरा तारखेला जाताव ना?"

"हाय. तिकीट आयलं."

"एक बॅग हाय, पोरीची. आमचा ड्रायव्हर येतो तिकडं, तेच्याकडं देतो. घेऊन जा."

"तू पन येनार होतास ना रे पुढच्या महिन्यात? रजा होती तुझी."

थोडा वेळ फोनमधून नुसता वारा ऐकू आला. दुक्मला या दिवसांत वारा थांबत नाही.

"कंपनी सोडत नाय, अब्बा. दुसऱ्या फेजला मानसं कमी हायत. सहा महिनं अजून."

तय्यब खाटेवर बसला. कंपनी सोडत नाय. हे वाक्य त्याला माहीत होतं, त्यातला तो किंचित वर गेलेला सूरही माहीत होता, आणि त्याआधीची ती थांबलेली जागा, जिथे माणूस खरं आणि खोटं यांतलं एक उचलतो. "ड्रायव्हरकडं देऊ नको," तो म्हणाला. "मी येतो."

"तुमी? इथं? कशाला? आठ तास लागतात."

"शुक्रवारी येतो. शनिवारी परत."

पुढचे दोन दिवस तो बैठकीवर काम करत राहिला. पटाशीने खाच काढायची, कागद लावून बघायचा, पुन्हा केसभर तासायचं, पॉलिश पेपर फिरवायचा, मग त्यावर मऊ लोकरी कापडाची पट्टी. गुरुवारी दुपारी त्या दोघींनी हातमोजे घालून फळी उचलली आणि बैठकीत ठेवली. ती बसली. आवाजसुद्धा झाला नाही. इटालियन बाईने दोन्ही हात छातीशी नेले आणि त्याच्याकडे बघून ती काहीतरी म्हणाली, त्याचं अदीबाने भाषांतर केलं नाही, करायची गरजही नव्हती. तय्यबने हत्यारं पिशवीत भरली. दाराशी जाऊन त्याने एकदा वळून पाहिलं. आता काचेआड, खालून उजेड सोडलेला, ती उभी होती आणि बाहेर बघत होती. खोलीत तिघं होती. तरी तिच्या नजरेतून सुटायला त्याला दाराबाहेर जावं लागलं.

शुक्रवारच्या बसमध्ये पंधरा-वीस माणसं होती, सगळे पुरुष, बहुतेक झोपलेले. मस्कतचे डोंगर मागे पडले आणि मग काहीच उरलं नाही. सपाट, मळकट पिवळं, कधी एखादा उंट, कधी पेट्रोल पंप. तय्यब खिडकीशी बसला होता. त्याला बाणकोट आठवत होतं. बाणकोटच्या खाडीवर त्याच्या मामाचा होड्या बांधायचा धंदा होता, आणि इरफान सहा वर्षांचा असताना मामाने निरोप धाडला होता की माझी कंबर गेली, तू ये आणि हे सांभाळ, नाहीतर मी विकतो. कुलसुमने चार पानी पत्र लिहिलं. तिने कधी एवढं लिहिलं नव्हतं. पोरगा रोज होड्या बघायला जातो, मामा त्याला रंध्याच्या ढलप्या देतो, तुम्ही आलात तर आपण तिघं इथे राहू. तय्यब पत्र घेऊन आपल्या अर्बाबकडे गेला होता. म्हातारा सईद, सुतारकामाच्या कारखान्याचा मालक, पत्र न वाचताच म्हणाला होता, जा की, खलास, घर आधी, तिकीट मी देतो. त्या संध्याकाळी खोलीवर येऊन तय्यबने कपाट उघडलं आणि फोटोंसमोर उभा राहिला. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सुट्टीवर गेलं की तिसऱ्या दिवशी त्याला कळेनासं व्हायचं की घरात कुठे बसायचं. इरफान त्याच्या हातचं खायचा नाही, रात्री उठला की आईला हाक मारायचा, आणि तय्यब पाहुण्यासारखा पडवीत बसून परतीच्या दिवसाची वाट बघायचा. ती वाट बघतोय हे कळून स्वतःची लाज वाटून घ्यायचा. फोटोतलं पोर तसं करत नव्हतं. त्याने कुलसुमला लिहिलं, अर्बाब सोडत नाही, पासपोर्ट त्याच्याकडे आहे. मामाने होड्यांचा धंदा विकला. त्यानंतर तेवीस वर्षं कुलसुम प्रत्येक नमाजेनंतर त्या म्हाताऱ्या सईदला तळतळाट देत राहिली. तो भला माणूस मधेच कधीतरी वारला, तेही तय्यबने तिला सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तो पोचला तेव्हा तिला दफन करून दुसरा दिवस उजाडला होता.

दुक्मला इरफान बसथांब्यावर उभा होता. कंपनीचा निळा गणवेश, तोंडाला बांधलेलं फडकं, डोळे वाऱ्याने लाल. त्याने वाकून बापाच्या हातातली पिशवी घेतली. "जेवलाव?" म्हणाला. मेसमध्ये भात आणि सुरमईचं कालवण होतं, ते त्याने स्वतः वाढून आणलं, बापाच्या ताटात दोन तुकड्या जास्त घातल्या, आणि समोर बसून बघत राहिला. तय्यबला वाटलं, आपला मुलगा आपल्याला जेवायला वाढतोय हे पहिल्यांदाच. बत्तीस वर्षांचा माणूस, कपाळावरचे केस मागे हटलेले. त्याचा उजवा कान कुलसुमसारखा, जरा बाहेर आलेला. फोटोंत हे कधी दिसलं नव्हतं, फोटोंत तो नेहमी आईकडे वळलेला असायचा.

असरच्या नमाजेनंतर, उन्हं कलताना, दोघं समुद्रावर गेले. वाळू उडत होती, म्हणून एका बंद टपरीच्या आडोशाला बसले. इरफानने बॅग सोबत आणली होती. त्याने चेन उघडून एकेक वस्तू दाखवायला सुरुवात केली. रबरी बदक. गुलाबी टोपरं. चार फ्रॉक, लेस लावलेले, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घडी केलेले. तय्यबने एक फ्रॉक हातात घेतला. त्याच्या तळहाताच्या थोडा बाहेर आला, एवढाच. नवजात पोरीचा फ्रॉक होता. त्याने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळे तेवढेच.

"कवा घेतलंस?"

"आता, गेल्या आठवड्यात. का?"

तय्यबने फ्रॉक पुन्हा घडी करून मांडीवर ठेवला. "इरफान," तो म्हणाला, "कंपनीनं धरून ठेवलं नाय तुला."

इरफानने बदक उचलून बॅगेत टाकलं.

"मना कळलं फोनवरच. मी पन असाच बोललो होतो तुझ्या आईला."

"काय बोललाव होताव?"

"अर्बाब सोडत नाय म्हनून. तू सहा वर्षांचा होतास. मामाच्या होड्या होत्या बाणकोटला, तुला आठवत असतील. अर्बाबनं मना कवाच सोडलं होतं. तिकीटसुद्धा देनार होता. मीच आयलो नाय."

वारा टपरीच्या पत्र्यावर आपटत होता. इरफानने तोंडावरचं फडकं खाली ओढलं, आणि तय्यबला दिसलं की तो रागावलेला नाही, निदान अजून नाही. तो काहीतरी जुळवून बघतोय.

"आई मरेपर्यंत त्या मानसाला शिव्या देत होती," तो हळू म्हणाला. "शेवटच्या दिवशीपन. मी पानी पाजत होतो, आनि ती म्हनली, तेनं माझा संसार खाल्ला."

"हं."

"नि तुमी हे मना आता सांगताव."

"तिला सांगायला हवं होतं. झालं नाय."

"का पन? का नाय आयलाव?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी सरळ विचारला नव्हता. तय्यबने समुद्राकडे पाहिलं. करड्या पाण्यावर लांब एक जहाज उभं होतं, हलत नव्हतं. "मस्कतला एक चित्र आयलंय," तो म्हणाला. "मरियमचं, आनि ईसा मांडीवर. तेची बैठक केली मी." इरफान त्याच्याकडे बघत राहिला, हा माणूस काय सांगतोय हे त्याला कळत नव्हतं. "ती समोर बघते. जो समोर असेल तेच्याकडं. मी तिथं बसलो तर मना वाटलं, असाच बसलो होतो मी सगळा टाईम. तुमी दोघं फोटोत, मी समोर. सोपं होतं रे ते. घरात आलो की तू रडायचास. फोटोत नाय रडायचास. मना भीती वाटायची घराची."

बराच वेळ इरफान वाळूत बोटाने रेघा ओढत होता आणि वारा त्या पुसत होता. मग तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता. "मना तुमची सय येत नव्हती, अब्बा. खरं सांगतो. पोरं म्हनायची, माझा बाप येनार, माझा बाप येनार. मना काय वाटायचंच नाय. मना वाटायचं माझ्यातच खोट हाय." तो थांबला. "व्हिडिओवर मेहविश तिला माझ्यासमोर धरते. बघ, अब्बा बघ. ती फोनच्या कडेला बघते, तेचं कव्हर लाल हाय ना, तेच्याकडं. माझ्याकडं नाय बघत. मी गेलो आनि ती रडली तर? तुमी बोलताव तसंच हाय. कंपनीनं विचारलं होतं, जानार का राहनार. मीच म्हनलो, राहतो."

"मग आता सांग त्यांना, जातो म्हनून."

"सही केली मी. मंगळवारी. तुमाला फोन केला तेच्या आधी."

तय्यबने मान हलवली. आठ तास तो जे घेऊन आला होता ते दोन-तीन दिवस उशिरा पोचलं होतं, नाहीतर तीस वर्षं. रागवायचा हक्क त्याला नव्हता, आणि राग आलाही नाही. त्याला फक्त एकदम थकल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी, कधी नव्हे ते, इथून उठून जावंसं वाटेना. दोघं तिथेच बसून राहिले. मगरिबची बांग झाली तेव्हा इरफान उठला, त्याने बापाला हात दिला, आणि तय्यबने तो धरून आपलं सगळं वजन त्यावर टाकलं.

शनिवारी सकाळी बस यायच्या आधी दोघं थांब्यावर उभे होते. बोलायचं काही उरलं नव्हतं असं नाही, पण ते कसं सुरू करायचं हे दोघांनाही येत नव्हतं. इरफानने चहा आणला. पुन्हा एकदा बॅगेची चेन नीट लावली. मग पुन्हा उघडली. वरचा फ्रॉक काढून हातात धरला, वाऱ्यात तो फडफडायला लागला.

"लहान होतील काय हो हे?"

"होतील."

"सगळेच?"

"सगळेच. मी पन तुला बूट आनलं होतं एकदा. तुझ्या आईनं ते कुनाला तरी देऊन टाकलं."

इरफानने फ्रॉक बॅगेत कोंबला. बस वळणावर दिसली, वाळूतून येणारी, अजून लहान. "अब्बा," तो म्हणाला, "केवढी असेल ओ ती आता?" आणि त्याने दोन्ही हात छातीसमोर धरले, तळवे आतल्या बाजूला, मधे एक हातभर अंतर. तय्यबने पाहिलं. तय्यबलाही माहीत नव्हतं. त्याने आयुष्यभर हजार वस्तूंची मापं घेतली होती, आणि नऊ महिन्यांचं मूल केवढं असतं हे त्याला माहीत नव्हतं, कारण इरफान नऊ महिन्यांचा असताना तो इथेच होता. तरी त्याने बॅग खाली ठेवली, पुढे झाला, मुलाच्या दोन्ही मनगटांना धरलं आणि ते हात थोडे दूर सरकवले. विचार केला. आणखी थोडे सरकवले.

"एवढी," तो म्हणाला. "एवढी तरी असेल."

बस आली. ड्रायव्हर ओरडला, यल्ला, यल्ला. तय्यब बॅग घेऊन चढला आणि खिडकीशी बसला. काचेवर धूळ होती, ती त्याने बाहीने पुसली. बाहेर इरफान तिथेच उभा होता, वाऱ्याकडे पाठ करून, मान खाली घालून आपल्या हातांमधल्या त्या जागेकडे बघत. बस सुटली तरी त्याने हात खाली घेतले नव्हते.